कागदावर १०८९, प्रत्यक्षात १११४

काकांच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट एकदाचं मार्गी लागलं आणि नोटीस आली. तीन महिन्यांत पार्किंगमधलं सगळं सामान हलवा. सामान म्हणजे कुणाची मोडकी सायकल, कुणाचा गंजलेला कूलर, कुणाच्या लग्नातलं कपाट... आणि आमची फियाट.

घरच्यांना तिची ओळख करून द्यायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. १९६८ ची फियाट ११०० डिलाइट. काकांनी १९७७ साली एका डॉक्टरांकडून सेकंडहँड घेतली. आमच्या घरातल्या दोन बाळंतिणी तिच्यातून दवाखान्यात गेल्या, तीन नवऱ्या मुली तिच्यातून सासरी गेल्या, आणि मी स्वतः तिच्या मागच्या सीटवर किमान पाच वेळा ओकलो आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात ठाण्याच्या त्या पार्किंगमध्ये गुडघ्याच्या वर पाणी चढलं. पाणी ओसरलं, चिखल काढला, पण गाडी काही चालू झाली नाही. "बघू दिवाळीनंतर," असं काका म्हणाले. अशा बऱ्याच दिवाळ्या गेल्या.

भंगारवाला येऊन बघून गेला. वजनावर भाव देतो म्हणाला. नऊशे किलोच्या आसपास लोखंड. काका आता शहाऐंशीचे आहेत. त्यांनी त्याला चहा पाजला, वाटेला लावला, आणि मला फोन केला. "अरे, तुला न्यायची असेल तर ने. पण जायच्या आधी एकदा चालू करून दाखव. मग काय करायचं ते कर."

झालं! मला गाडीतलं कळतं ते एवढंच की पेट्रोल कुठून घालायचं. पण नाही म्हणणं शक्य नव्हतं.

*

कुर्ल्याला एक मिस्त्री आहेत. सत्तरी केव्हाच ओलांडली आहे. तरुणपणी प्रीमियरच्या कारखान्यात फिटर होते, नंतर स्वतःचं छोटं गॅरेज टाकलं. ओळखीतून ओळख काढत त्यांच्यापर्यंत पोचलो. गाडी टो करून नेली. त्यांनी बॉनेट उघडलं, कमरेवर हात ठेवून पाचेक मिनिटं नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "दादा, ही एक गाडी नाही. ह्या चार-पाच गाड्या आहेत."

मला वाटलं, गंमत करतायत. पण मग इंजिन खाली उतरलं, पार्ट एकेक करून ताडपत्रीवर मांडले गेले, आणि मला त्यांचं म्हणणं कळायला लागलं.

ब्लॉक या गाडीचा नव्हता. हेड त्या ब्लॉकचं नव्हतं, नंतरच्या काळातल्या एखाद्या पद्मिनीचं होतं. डायनामोच्या जागी मारुती ८०० चा अल्टरनेटर बसवला होता, आणि तो बसावा म्हणून कुणीतरी जाड पट्टीचा ब्रॅकेट हाताने वाकवून केला होता. इंजिनच्या बाजूला दोन बोल्ट असे होते की १२ चा पाना बसेना आणि १३ चा सैल पडे. मिस्त्रींनी न बघताच हात मागे करून अर्ध्या इंचाचा पाना उचलला. "ॲम्बॅसडरचे," ते म्हणाले. फियाट इटालियन, तिचं सगळं मिलिमीटरमध्ये. ॲम्बॅसडर मूळची इंग्लिश मॉरिस, तिचं सगळं इंचात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, म्हणून ही पंचाईत.

पण खरी मजा पिस्टनमध्ये होती. चारपैकी तीन पिस्टन "चाळीस साइज" होते, म्हणजे मूळ मापापेक्षा इंचाच्या चाळीस हजारांश भागाने मोठे. चौथा मात्र स्टँडर्ड! त्या चौथ्या सिलिंडरला स्लीव्ह टाकून तो पुन्हा मूळ मापाचा केला होता, बाकीचे तीन झिजतील तसे बोअर करत मोठे होत गेले होते.

घरी येऊन मी कॅलक्युलेटर घेऊन बसलो. मूळ बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. चार सिलिंडरचे १०८९ सीसी. आरसी बुकात तेच लिहिलंय. आता तीन सिलिंडर ६९ मिलिमीटरला किंचित वर आणि एक ६८ चा. बेरीज येते साधारण १११४ सीसी. म्हणजे काका इतकी वर्षं जे इंजिन चालवत होते ते जगातल्या कुठल्याही कारखान्यात कधीही बनलेलं नव्हतं.

*

मग मला त्या १०८९ चाच नाद लागला. हा आकडा आला कुठून?

तो आला १९३७ सालातून. त्या वर्षी इटलीत तुरीनला फियाटने ५०८ सी नावाची गाडी काढली. दांते जाकोसा हा तिचा मुख्य आरेखनकार. त्याच सुमारास त्याने छोटी 'तोपोलिनो'ही केली आणि पुढे १९५७ ची फियाट ५००ही त्याचीच. या ५०८ सी चं इंजिन चार सिलिंडरचं, ६८ बाय ७५, १०८९ सीसी. युद्धानंतर १९५३ साली फियाटने अगदी नव्या बांधणीची ११०० काढली, पण इंजिनाचं माप तेच ठेवलं.

इकडे मुंबईत वालचंद हिराचंद यांना मोटारींचा कारखाना काढायचा होता. सोलापूरचा हा माणूस अजब होता. जहाजं, विमानं, साखर, बांधकाम, सगळीकडे हात घातलेला. फोर्डशी बोलणी झाली, ती फिसकटली, मग क्रायस्लरशी करार झाला. इंग्रज सरकारची साथ नव्हती. शेवटी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी निघाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, डिसोटो, प्लिमथ या अमेरिकन गाड्यांची जुळणी सुरू झाली. पाठोपाठ फियाटशी करार झाला. १९५३ च्या एप्रिलमध्ये वालचंद गेले. १९५४ साली ११०० कुर्ल्यातून बाहेर पडायला लागली, तेव्हा ती पाहायला ते नव्हते.

पाठीमागून गोल आणि पुढून नाक काढलेली ती पहिली गाडी मुंबईकरांनी लगेच बाळसं धरलेल्या प्राण्यात जमा केली. "डुक्कर फियाट" हे नाव आजही जुन्या माणसांच्या तोंडात आहे. मग सिलेक्ट आली, सुपर सिलेक्ट आली, १९६४ पासून डिलाइट आली.

इथे एक गोष्ट मला फार गमतीची वाटली. १९६२ साली इटलीतल्या फियाटने ११०० डी काढली, तेव्हा तिचं इंजिन वाढवून १२२१ सीसीचं केलं होतं. आपल्याकडे मात्र तोच आकार आला पण पोटात १०८९ च राहिलं. इटलीत १९६९ साली नवी १२८ आली आणि ११०० चा विषय संपला. कुर्ल्यात मात्र त्यानंतर तीस वर्षं तेच इंजिन बनत राहिलं. १९७३ च्या सुमारास फियाटचं नाव जाऊन गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली, १९७४ साली 'पद्मिनी' झाली, आणि २००० च्या आसपास बंद झाली. १९३७ साली आखलेलं माप शतक संपेपर्यंत!

आणि "आपल्याकडे बनत राहिलं" याचाही अर्थ नीट बघायला हवा. सुरुवातीला पेट्या यायच्या आणि इथे फक्त जोडणी व्हायची. १९५३ च्या टॅरिफ कमिशननंतर सरकारने ठरवलं की नुसती जुळणी करणाऱ्यांना इथे जागा नाही, गाडी इथेच बनवायची असेल तर राहा. शिवडीला १९२८ पासून गाड्या जुळवणारी जनरल मोटर्स १९५४ साली गाशा गुंडाळून गेली. प्रीमियर राहिली. मग वर्षागणिक एकेक भाग देशी होत गेला. म्हणजे शोरूममधून निघालेली नवी कोरी गाडीसुद्धा थोडी तुरीनची, थोडी कुर्ल्याची असायची. मिसळ कारखान्यातच सुरू झाली होती, गॅरेजमध्ये ती फक्त पुढे चालू राहिली.

*

काकांच्या गाडीतली मिसळ कशी झाली हे मात्र मला पुस्तकात सापडलं नसतं. ते सापडलं काकूच्या कपाटात. लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही. काका बँकेत होते, हिशोब हा त्यांचा धर्म. पेट्रोल किती, किलोमीटर किती, मिस्त्रीला किती दिले, सगळं.

त्यातली १९७९ च्या मे महिन्यातली नोंद. नाशिकला लग्नाला जाताना कसाऱ्याच्या घाटात फॅनबेल्ट तुटला. फॅनबेल्टवरच पाण्याचा पंप फिरतो. पाणी फिरायचं थांबलं, इंजिन तापत गेलं आणि जॅम झालं. "सर्वजण ट्रकने नाशिकास. अक्षता मिळाल्या." एवढंच. (काकूच्या आठवणीत ही हकिकत बरीच लांब आहे आणि तिच्यात काकांची बाजू लंगडी आहे.)

ब्लॉकला तडा गेला होता. आता आज आपल्याला वाटेल, मग नवा ब्लॉक घ्यायचा. पण तो काळ लक्षात घ्या. गाड्या बनवणाऱ्या कंपन्या मोजून तीन. नवी गाडी हवी तर नंबर लावा आणि वर्षानुवर्षं थांबा. गाडी कुणाला आणि कशी विकायची यावर सरकारी नियंत्रण, १९५९ सालचा त्यासाठी वेगळा आदेशच होता. बाहेरून काही मागवायचं तर परवाना, आणि १९६६ साली रुपयाचं अवमूल्यन होऊन डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेलेला. मध्यमवर्गीय माणसाने सेकंडहँड गाडीसाठी नवा ब्लॉक घेणं हे चैनीत मोडत होतं.

पण मुंबईत एक खाण होती, आणि ती म्हणजे काळ्यापिवळ्या टॅक्स्या. बहुतेक सगळ्या फियाट. टॅक्सी दिवसरात्र धावते, अपघात होतात, बॉडी सडते, पण इंजिनाचे भाग उरतात. ते कुर्ल्याच्या भंगार बाजारात येत. काकांची नोंद १९८० च्या जानेवारीतली आहे : "ब्लॉक टॅक्सीचा. तीन पिस्टन चाळीसचे, एक स्टँडर्ड. मिस्त्री म्हणतो चालेल."

चालेल!

मला वाटतं, त्या तीसेक वर्षांचा इतिहास लिहायचा तर हा एक शब्द पुरेल. टॅक्सीवाल्याचा एक सिलिंडर गेला तेव्हा चारही करायला त्याच्याकडे पैसे नव्हते आणि रोजी बुडवून चालणार नव्हती. त्याने एकच दुरुस्त केला. चालेल. काकांकडे नव्या ब्लॉकचे पैसे नव्हते. चालेल. आणि ते खरंच चाललं की! १९८० ते २००५. पंचवीस वर्षं.

त्यानंतर १९९१ साली हेड गास्केट गेलं, ॲल्युमिनियमचं हेड वाकलं, दुसरं बसवलं. १९९८ साली डायनामो गेला, तोवर मारुतीचे भाग गल्लोगल्ली मिळायला लागले होते. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुतीने फियाटचं राज्य घालवलं असं आपण म्हणतो, पण आमच्या घरी त्याच मारुतीच्या अल्टरनेटरने फियाटचे दिवे सात वर्षं लावले.

*

आता पेच असा आला.

अमेरिकेतल्या चुलत भावाची इच्छा होती की गाडी रीतसर "व्हिंटेज" म्हणून नोंदवावी. केंद्र सरकारने २०२१ साली तसे नियम केले आहेत. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, नंबरात "व्हीए" ही खास अक्षरं, वीस हजार रुपये फी. वयाने आमची गाडी बसते. पण नियमाची अट अशी आहे की गाडी मूळ रूपात असावी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा.

मी एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला भेटलो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सहज म्हणाला, "त्या काळातला ब्लॉक आहे माझ्याकडे. नंबर घासून तुमचा अडुसष्टचा नंबर पंच करून देतो. कागदाचंही बघू. कुणाला कळतंय!"

खोटं कशाला सांगू, त्या रात्री मला झोप लागली नाही. मोह झाला होता. गाडी चकचकीत होईल, मान मिळेल, भाऊ खूश होईल. आणि खरंच कुणाला कळणार नव्हतं.

सकाळी आरसी बुक पुन्हा काढलं. त्यात १९८० चा जांभळा शिक्का आहे. जुना इंजिन नंबर खोडलेला, नवा लिहिलेला, आरटीओची सही. म्हणजे माझ्या काकांनी तुटपुंज्या पगाराच्या दिवसांत, भंगारातून आणलेला ब्लॉकसुद्धा रांगेत उभं राहून कागदावर चढवून घेतला होता. खरा नंबर लिहिला होता. आणि मी आता तो पुसून खोटा लिहिणार होतो, तेही "ओरिजिनल"च्या नावाखाली.

काकांना विचारलं. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "माझ्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलल्यात, डोळ्यांत भिंगं बसवलीत. सोसायटीच्या मीटिंगला कुणी म्हणतं का, हे ओरिजिनल सभासद नाहीत म्हणून?" आणि वर्तमानपत्र पुन्हा वर.

व्यापाऱ्याला नाही कळवलं. भाऊ थोडा खट्टू झाला, मग वहीची पानं फोटो काढून पाठवली तेव्हा त्याचा फोन आला आणि बराच वेळ आम्ही घाटातल्या त्या ट्रकबद्दल बोललो. तो तेव्हा सहा वर्षांचा होता.

*

पण याचा अर्थ असा नाही की सगळं जसंच्या तसं पवित्र मानून ठेवायचं. हे मला मिस्त्रींनी शिकवलं.

त्यांनी पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडच्या चारही जोड्या शेजारच्या सोनाराकडे नेऊन काट्यावर तोलल्या. सगळ्यात जड आणि सगळ्यात हलकी यांत २३ ग्रॅमचा फरक. मला ते काहीच वाटलं नाही. ते म्हणाले, हिशोब करून बघा. केला. इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्या घेत असेल तर प्रत्येक फेरीला तेवीस ग्रॅम साधारण पंधरा किलोच्या झटक्यासारखे बसतात. वेग वाढला की काकांची गाडी थरथरायची आणि आम्ही मागे बसून "आऽऽऽ" असा आवाज काढून तो कापरा झालेला ऐकायचो. लहानपणचं ते संगीत म्हणजे हे तेवीस ग्रॅम होते!

"जोड दोन प्रकारची असते," मिस्त्री म्हणाले. "एक इंजिनाला दुखते, दुसरी फक्त बघणाऱ्याला. इंजिनाला दुखते ती काढायची."

त्याप्रमाणे यादी झाली. चारही सिलिंडरना नवे स्लीव्ह, चार सारखे स्टँडर्ड पिस्टन, नव्या रिंगा. पुराच्या पाण्याने तिसऱ्या सिलिंडरमध्ये रिंगा भिंतीला चिकटल्या होत्या, त्या डिझेल घालून चार दिवस मुरवत ठेवल्या तेव्हा सुटल्या. वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमध्ये क्रँक ग्राइंड केला. रॉड तासून एका वजनाचे केले. हेड समतल केलं, व्हॉल्व्ह घासून बसवले. नाना पेठेत, ऑपेरा हाऊसला, कुर्ल्यात हिंडून गास्केट आणि बेरिंगं मिळवली. पिस्टनचा सेट एका दुकानदाराने माळ्यावरून काढून दिला, खोक्यावर बोटभर धूळ.

टॅक्सीचा ब्लॉक तसाच ठेवला. पद्मिनीचं हेड तसंच. मारुतीचा अल्टरनेटर आणि तो हाताने वाकवलेला ब्रॅकेट, दोन्ही तसेच. ॲम्बॅसडरचे दोन बोल्ट काढू का, असं मिस्त्रींनी विचारलं. आटे चांगले धरत होते. मी म्हटलं, राहू द्या.

म्हणजे आता गंमत बघा. नंबर परका, पण इंजिन पुन्हा बरोबर १०८९ सीसीचं झालं. पंचेचाळीसेक वर्षांनी कागद आणि लोखंड जुळले.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. तेव्हा वर्तमानपत्रांत हळहळ छापून आली, मीही हळहळलो. आमच्या बॉनेटखाली कुणा अनोळखी टॅक्सीवाल्याचा ब्लॉक शाबूत आहे हे तेव्हा माहीत नव्हतं. तो माणूस कोण, कुठला, त्याचं पुढे काय झालं, वहीत काही नाही. फक्त त्याने एकच पिस्टन बदलला होता, एवढं त्याच्याबद्दल कळतं.

मुदतीच्या आठ दिवस आधी गाडी पार्किंगमध्ये आणून उभी केली. काका लिफ्टने खाली आले. अर्धी सोसायटी जमली होती. ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले, चोक ओढला, किल्ली फिरवली. पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा ढसाढसा खोकून ती चालू झाली, निळसर धूर निघाला आणि मग आवाज बसला. मिस्त्री बॉनेटवर हात ठेवून उभे होते. मागच्या सीटवर काकू.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका मान तिरकी करून ऐकत राहिले, मिनिटभर. मग खिडकीतून मला जवळ बोलावलं.

"दुसऱ्याचं टॅपेट वाजतंय."

मिस्त्रींनीही ऐकलं, मान हलवली. "वाजतंय. उद्या घेतो."

काकूने मागून विचारलं, "म्हणजे आता नाक्यापर्यंत जाता येणार नाही का?"

काकांनी गिअर टाकला. "चालेल," म्हणाले.